दहा माशांचा लगदा

प्रिय चिमणे,

पुढचं वाचायच्या आधी एक कर. फ्रीजमधले मोठ्या माशाचे तुकडे टाकून दे. सासूबाई म्हणतात, "दोन जिवांची आहेस, खा, बाळ पोहतच बाहेर येईल." तू ते हसत लिहिलंस. मी दोनदा वाचलं, हसू आलं नाही. त्यांची माया खरी आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. मासेही सोडू नकोस. बोटाएवढे, वीतभर, ते खुशाल खा. मोठा मासा जन्मभर लहानांना खातो आणि त्यांच्यातला पारा स्वतःच्या अंगात साठवतो. तळून, उकळून तो जात नाही. आईच्या रक्तातून बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो. तुला चौथा महिना लागलाय. मेंदू आत्ता घडतोय.

इथे ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबाही. मला निवृत्त व्हायला सात महिने उरलेत.

आमची प्रयोगशाळा तुला आठवत असेल. शाळा सुटली की खिडकीपाशी नाक दाबून बसायचीस. बंदरावरून दहा मासे यायचे, नऊ लहान, एक मोठा. दहांचे तुकडे एकत्र वाटायचे आणि त्या लगद्यातलं चिमूटभर तपासायचं. पाऱ्याचा आकडा एकच निघायचा, मर्यादेच्या आत. पहिल्याच वर्षी मी साहेबांना विचारलं होतं, मोठा वेगळा वाटू का? "बाई, पद्धत अशीच आहे. आल्या आल्या आम्हाला शिकवता का?" सगळे हसले. मीही हसले. पुन्हा विचारलं नाही. एकोणीस वर्षं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मोठा मासा वेगळा वाटला. आकडा मर्यादेच्या तिप्पट. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. तोच. कागद साहेबांपुढे ठेवला. "मुलीला दिवस गेलेत म्हणून हळव्या झालात," म्हणाले. खरं आहे. इतरांच्या मुलींसाठी झाले नव्हते.

उद्या सकाळी तो कागद वरच्या कार्यालयात देणार आहे, आणि इथल्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनाही. नोकरी गेली तर जाऊ दे. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या बाजारात आमच्याच बंदराचा माल येतो, "दुकानातल्या दाखल्यावर आईची सही असते, म्हणून मी निर्धास्त घेते," असं तू लिहिलंस. ती सही खोटी नाही, चिमणे. मी डोळ्यांवर कातडं ओढून केलेली आहे. आता मानेवरची पेन्सिलीएवढी जाड केसांची बट अगदी मुळाशी काप आणि मुळाकडच्या टोकाला दोरा बांध. केसांत महिन्यामहिन्याचा पारा उतरतो. तुमच्या मोठ्या रुग्णालयात ती तपासायला दे. माझ्याकडे पाठवू नकोस. आकडा कमीच यावा असं मला फार वाटतंय, आणि असं वाटणाऱ्या बाईने मोजू नये. जो येईल तो मला कळव. मी घाबरेन म्हणून कमी करून सांगू नकोस.

तुझीच,
उत्तराची वाट बघणारी आई