साडूच्या गाडीची कुईकुई

सौभाग्यवतीस,

मी ठणठणीत आहे, आधी तेवढं वाचून घे. तुझा गुडघा काय म्हणतो? धाकटी अजून शाळेत जाताना रडते का?

तुझ्या बहिणीचा फोन आलाच असेल. रविवारी आम्ही मालवाहतूकवाल्यांनी गोदामामागच्या सरळ रस्त्यावर पिकअपची शर्यत लावली. गाडी कंपनीतून आली तशीच पळवायची, एवढाच नियम. माझी सगळ्यांत मोठी, साडूची सगळ्यांत छोटी. सीटबेल्ट लावला होता, काळजी करू नकोस.

माझी गाडी अंग झाडून उठेपर्यंत त्याचं ते चिमुरडं निम्म्यावर पोचलं होतं. मी गाठतच आणलं होतं, पण रस्ता संपला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरून मला म्हणतो, "दादा, सामान मात्र तुमच्यातच जास्त बसतं हो."

आता सासूबाई महिनाभर त्याचेच गोडवे गाणार. गाऊ देत. मला काही वाटलं नाही, फक्त त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एक गोष्ट तुलाच सांगतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात गाडी लावत होता, तेव्हा इंजिनाचा पट्टा कुईकुई करताना मी घरात बसून ऐकला. शर्यतीत नक्की तुटला असता. तुझी बहीण त्याच गाडीतून फिरते, म्हणून मीच नवा घालून दिला.

तिला सहज विचार, ती कुईकुई कशी थांबली. ती माझं नाव घेते की नवऱ्याचं, तेवढं जसंच्या तसं कळव.

तुझाच,
आणि सासूबाईंचा थोरला जावई