सुजाताची रेस्ट

३ फेब्रुवारी २०१३, रविवार. सौंदड.

सुजाता सकाळी आली. चप्पल काढायच्या आधीच विचारपूस सुरू. आईचे गुडघे कसे? आत्याचा दमा? हिवराज काकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की अजून मुहूर्तच काढून राहिले? तांबडी गाय व्याली का? एकेकाची हजेरी घेतली. सगळे ठीक. मग मी तिची तब्येत विचारली.

"मी बरी आहे, बाबा."

डोळे मात्र पळसफुलासारखे. जेवायला बसली, आईनं लाखोळीचं वरण वाढेपर्यंत भिंतीला टेकून झोपली. हात ताटात. आमची ही, म्हणजे तिची आई, म्हणते, "विमान चालवते का दळण दळते पोरगी?"

विमान नागपुरात उभं आहे, म्हणून मुंबईच्या कंपनीनं दोन दिवस रेस्ट दिली आहे. मंगळवारी सकाळपर्यंत.

४ फेब्रु., सोम. सकाळी.

चहाला हिवराजभाऊ आला. बावीस वर्षं मी पुढे इंजिनात, हा मागे गार्डच्या डब्यात. दोघंही रिटायर, पण हा अजून शिट्टी मारल्यासारखाच बोलतो.

"काय वो बाई, शेठच्या खाजगी विमानावर पगार तं भक्कम असंल?"

"भक्कम आहे, काका. पण मोठा भाग उडण्याचा. विमान जमिनीवर उभं, तर त्या भागाचं काही नाही. आणि उभं राहणंच जास्त."

हळूहळू सगळं निघालं. तिकिटाच्या विमानवाल्यांना महिन्याचं ड्यूटीचं पत्रक आधी मिळतं. हिच्याकडे मालकाची मर्जी हेच पत्रक. मालकाच्या भाचीचं लग्न, तीन दिवस मुंबई-उदयपूर-दिल्ली. पाहुणे कधी येतील नेम नाही, म्हणून विमानतळावर खुर्चीतच बसून. पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या, मिठाईचे डबेसुद्धा.

"आणि ते बसून राहिलेले तास?" मी विचारलं.

"कागदावर रेस्ट."

आमची पॅसेंजर वडशाला क्रॉसिंगसाठी तास-तास उभी राहायची. इंजिन हलो न हलो, येतानाच्या सहीपासून जातानाच्या सहीपर्यंत ड्यूटी. हि.भाऊ म्हणे, "तुया बाप रेस्टमध्ये असला तं ड्यूटीवर बोलवाले आलेल्या कॉलवाल्याले अंगणात पाय ठेवू देत नव्हता."

एप्रिलात तिचं कॅप्टनचं ट्रेनिंग ठरलं आहे. आता सहवैमानिक म्हणून उजव्या सीटवर बसते, मग कॅप्टनच्या डाव्या. तोवर मान खाली घालून काढते म्हणाली.

त्याच दिवशी, दिवेलागणीला.

आज मी मोठा घोळ केला.

दुपारी सु. गाढ झोपलेली. तिचा फोन वाजला, मी उचलला. ऑफिसातला माणूस. "मॅडम को उठाइये, मालिक नागपूर में हैं, चार बजे निकलना है."

मी जुन्या वळणावर गेलो. माझी रेस्ट अपुरी असताना कॉलवाला आला की सुजाताची आई दारात उभी राहून सांगायची, 'अपुरी आहे.' तो बुकात तसं लिहायचा आणि यादीतल्या पुढच्या ड्रायव्हरच्या घरी जायचा. कोणाचं काही अडत नसे. मीही तसंच सांगितलं, "रेस्ट पूरा नहीं हुआ. अगले को बुलाइये." फोन बंद केला, कणगीवर ठेवला. वर जरा ऐटीत पान खाल्लं.

पण तिच्या यादीत पुढचा कोणी नसतोच. या विमानाला सगळे मिळून तिघे. एक सुटीवर, एक कॅप्टन नागपुरात हिची वाट पाहत. विमान सुटलं नाही. मालकाला रात्र नागपुरात काढावी लागणार.

साडेचारला उठली, फोन लावला, ऐकत राहिली.

"बाबा, काऊन नाही उठवलं?"

"तुझी रेस्ट अपुरी होती."

"ते मी सांगायचं होतं ना! मी!"

खरं आहे. तिचं वाक्य मी बोलून टाकलं.

५ फेब्रु., मंगळ.

मॅनेजरचा निरोप आला. लग्नातले बसून राहिलेले तास रेस्टमध्ये धरले, की हिची रेस्ट सोमवारीच पूर्ण होते. म्हणून लिहून द्यायचं: 'रेस्ट पूर्ण होती, गावात फोन लागत नव्हता.' एवढी सही केली की प्रकरण मिटलं, एप्रिल कायम. 'रेस्ट अपुरी' लिहिलं तर लग्नाचे तिन्ही दिवस उघडे पडतात. एप्रिल जाईल, कदाचित नोकरीही. त्या दिवसांच्या तासांच्या कागदांवर तिची सही आहे, कॅप्टनचीही, म्हणजे तोही अडकेल. तो माणूस भला आहे म्हणते.

सुजाताची आई माझ्यावर उखडली. "तुमाले कोण सांगतलं होतं मंधात पडाले? पोरीच्या पोटावर पाय देल्ला!"

मी सु.ला म्हणालो, "माझं नाव लिही. बुढ्यानं घोळ केला म्हणून लिही."

"तुमचं नाव घातलं की खोटं खरं होते का, बाबा?"

कोहमाऱ्याच्या नाक्यावर नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. शुक्रवारपर्यंत कागद द्यायचा आहे. विचारलं, "उठवलं असतं तर गेली असतीस?" तिनं बॅग मांडीवर घेतली, बस सुटली. मग खिडकीतून म्हणाली, "गेली असती. तेच तर..."

९ फेब्रु., शनि.

शुक्रवार गेला. फोन नाही. आईला दोन ओळींचा मेसेज, 'पोचले, बरी आहे.' एवढंच.

हि.भाऊ म्हणे, "लिहू दे ना गा, फोन लागत नव्हता म्हणून. दुनिया अशीच चालून राहिली." मी चहाची किटली उचलून आत नेली. त्यानं कप खाली ठेवला आणि घरी गेला.

१७ फेब्रु., रवि.

फोनवर माणूस 'बरं' म्हणतो आणि सुटतो. म्हणून पत्र. आधी इथं लिहितो, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

चि. सुजाता,

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात माझे तास भरले होते. रिलीफ, म्हणजे बदली ड्रायव्हर, मागायला हवी होती, मागितली नाही. मला घरी लवकर पोचायचं होतं. एका लहान स्टेशनाच्या अलीकडे उघड्या डोळ्यांनी झोपलो. इंजिन लाल सिग्नलच्या पुढे गेलं. समोर गाडी नव्हती म्हणून वाचलो. मी लिहून दिलं, 'गाडीचा ब्रेक नीट लागला नाही.' मागून हिवराजनंही तेच लिहिलं. दोघांची नोकरी राहिली, पेन्शनही. त्या पेन्शनवर घर चाललं, तुझं शिक्षणही त्यातच. तेव्हा तुला खरं लिही म्हणायला माझं तोंड नाही, आणि खोटं लिही म्हणायला जीभ उचलत नाही.

उठवलं नाही, ते त्या सिग्नलमुळे. पण विचारायला हवं होतं, ते चुकलं.

कागदावर काय लिहिलंस ते सांगावंसं वाटलं तर सांग. आई तुझ्यावर नाही, माझ्यावर रागावली आहे. तुला झोप मिळते का, तेवढं मात्र खरं कळव. दोन ओळी का होईना, पण तुझ्या हातच्या, आणि या आठवड्यातच टाक.