डोळ्यावरचे भूमिपुत्र

१४ एप्रिल, सोमवार
आजपासून डायरी. कारण मेडिकल. बारा मेला पोर्टात आम्हा क्रेन ऑपरेटर लोकांची वार्षिक तपासणी, आणि यंदा म्हणे डोळे बारकाईने बघणार. बघू देत. पंधरा वर्षं क्रेन चालवतोय. साठ फुटांवरच्या केबिनमध्ये बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं आणि कंटेनरवर कंटेनर अलगद ठेवायचा. पापणी न लववता. आमच्या धंद्यात खरी कला हीच.
फक्त गेले दोन महिने डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं. संध्याकाळ झाली की कंटेनरचे नंबर पुसट दिसतात. हल्ली रंगच हलका मारतात लेकाचे.
नापास झालो तर खाली यार्डात चेकर. म्हणजे उन्हात टॅब घेऊन फिरायचं आणि नंबर टिपायचे. आणि चेकर लोकांचा सुपरवायझर कोण? हरेश. माझ्या बायकोचा, कोमलचा, सख्खा भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान.
नापास व्हायचा प्रश्नच नाही.

१५ एप्रिल, संध्या. ७
कामोठ्यात डॉ. पद्मजा मॅडमना दाखवलं. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. पट्टी चार मिलिमीटर भिजली. पासिंग किती, विचारलं. त्या म्हणाल्या, दहाच्या वर हवी. मी म्हटलं, पुन्हा घ्या, आज तयारी नव्हती. त्यांनी नकार दिला.
आजाराचं नाव कोरडे डोळे. पापणीच्या काठावर तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तुंबल्यात. काठावर बॅक्टेरियाही जरा वाढलेत. उपाय: दोन वेळा गरम कपड्याचा शेक, पापण्यांचे काठ हलक्या हाताने साफ करणं, थेंब दिवसातून चार वेळा, मोबाईल कमी, एसीचा झोत तोंडावर नको, आणि मुद्दाम पापण्या मिटत राहायचं. महिना-दीड महिना नेमाने केलं तर फरक पडेल.
मी एवढंच लक्षात ठेवलं: बॅक्टेरिया. म्हणजे दोष माझा नाही. बाहेरचं कोणीतरी येऊन बसलंय.

१६ एप्रिल, सकाळी ५.४०
संकल्प.
शेक: सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं.
मोबाईल: फक्त कामापुरता.
पापण्या: दर पाच सेकंदांनी.
बॅक्टेरिया: एकही ठेवायचा नाही.

१६ एप्रिल, रात्री ९
शेक दोन मिनिटं केला. फडकं गार झालं. बॅक्टेरियांचा अभ्यास करायचा म्हणून मोबाईलवर सव्वातीन तास व्हिडिओ बघितले. हे कामातच धरायला हवं.

१७ एप्रिल
पापणी मिटायचा नियम ड्यूटीवर पाळता येत नाही. केबिनमध्ये आमची नवी ट्रेनी होती, प्रांजल. उरणच्या कोळ्यांची मुलगी, सव्वीस वर्षांची. शिकायला मागे उभी असते. ती सारखी पापण्या मिटते. मी तिला झापलं, की पापणी मिटलीस तेवढ्यात कंटेनर हातभर सरकतो. ती म्हणाली की दादा, माझा तर नाही सरकत. उलट उत्तर द्यायची सवय आहे.
एसीचा झोत तोंडावरच ठेवलाय. उन्हाळा आहे.

१९ एप्रिल
फ्रिजमध्ये अंड्यांच्या मागे एक बाटली सापडली. दोन वर्षांपूर्वी पोराचे डोळे आले होते तेव्हाचं ॲंटिबायोटिक. उरलेलं. मॅडमचे थेंब नुसते डोळा ओला ठेवतात, मारत कोणालाच नाहीत. मग बॅक्टेरिया घाबरणार कशाला? हे तासाला दोन टाकायला घेतलं. चरचरतं. म्हणजे मरतायत.
कोमल म्हणाली, मॅडमना विचारा तरी. मी म्हटलं, फ्रिजमधलं औषध खराब होत नाही. ती म्हणाली की फ्रिज मागच्या पावसाळ्यात चार दिवस बंद होता. बायकांना नको त्या गोष्टी आठवतात.

२१ एप्रिल
हात धुवायच्या जंतुनाशक साबणाने पापण्या धुतल्या. बाटलीवर लिहिलंय, नव्व्याण्णव टक्के जंतू मारतो. उरलेल्या एक टक्क्यासाठी पुन्हा धुतल्या.
माझी किंकाळी ऐकून आई धावत बाहेर आली. तिला वाटलं मी पडलो.

२३ एप्रिल
घरातला पंखा बंद केला. बॅक्टेरिया हवेतून येतात. पोराचा पोहायचा चष्मा लावून जेवलो. आई म्हणाली, माजा पोर आंधला नाय झाला, मोबाईलनं येडा झाला हाय. तिने जिताडा माशाचं डोकं खास माझ्या ताटात वाढलं होतं, डोळ्यांना बरं असतं म्हणून. चष्म्याच्या आत वाफ धरली आणि काटा कुठला, मास कुठलं ते दिसेना. अर्धं डोकं मांजरीला गेलं.

२५ एप्रिल
डोळे लाल. चांगलं लक्षण. युद्ध चालू आहे.
नाक्यावर दोघांनी विचारलं, काल जोरात झाली वाटतं. मी दारूला शिवत नाही हे गावाकडे सगळ्या गव्हाणला माहीत आहे. पण आता राहतो त्या कामोठ्यात माणसाला कोण ओळखतो?

२७ एप्रिल, रविवार
आज केबिनमध्ये नंबर वाचायला दोनदा वॉकीटॉकीवर खात्री करून घेतली. कधी करत नाही मी. प्रांजलने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.
एक गोष्ट इथेच लिहितो. केबिनमधून बाबांच्या शेताची जागा दिसते. आता तिथे रिकामे कंटेनर रचलेत, पण बांध कुठे होता ते मला वरून बरोबर कळतं. जमीन पोर्टात गेली, प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला मिळाला, त्या दाखल्यावर ही नोकरी. बाबा माझी क्रेन बघायला एकदाच आले होते. गेटबाहेर उभे राहून त्यांनी हात केला होता आणि मी वरून हॉर्न दिला होता. खाली उतरलो तर ही जागा मला दिसायची नाही. त्याची भीती वाटते. बाकी हरेशबिरेश सगळं ठीक आहे.

२९ एप्रिल, मंगळवार
गव्हाणला चुलतभावाच्या विश्वजीतची हळद. मांडवात बसल्या बसल्या मला साक्षात्कार झाला. हळद! जगातलं सगळ्यात जुनं जंतुनाशक, आणि इथे परातभर तयार. नवरदेवाला लावून झाल्यावर बायका उरलेली दिसेल त्याच्या गालाला फासत होत्या. मी आपण होऊन डोळे मिटून पुढे झालो आणि म्हटलं, पापण्यांवर लावा. जाड लावा. त्यांनी हौसेने लावली. एकीने आतही लावली.
वीस मिनिटांनी उजवा डोळा उघडला. डावा चिकटून बसला.
मग आठवलं, आज पापण्या मिटायचा व्यायाम राहिलाय. लगेच सुरू केला, दर पाच सेकंदांनी. समोर धवलारीण सुनंदाकाकू बसल्या होत्या. आमच्यात लग्नाची गाणी, म्हणजे धवले, तीच गाते आणि विधीही तीच करते. वय सत्तर, जीभ पंचवीसची. डावा डोळा मिटलेलाच होता आणि उजवा उघडझाप करत होता. काकूंचा समज झाला की मी त्यांना डोळा मारतोय. त्यांनी चालू धवल्यात माझं नाव घातलं. शैलेशला म्हातारपणी नवरी पायजे, असं काहीतरी. पन्नास बायकांनी ते पाठोपाठ म्हटलं. डीजेवाल्याने माईक नेऊन दिला.
हरेश रडेपर्यंत हसला. त्याला अश्रूंचा त्रास नाही.

३० एप्रिल
डोळा उघडला. साबणाने हळद निघत नाही. निघाली तरी पुन्हा लावणार आहे. आईने उरलेली डब्यात भरून आणलीय.
कोमल बोलत नाही. तिच्या माहेरचं अख्खं गाव मांडवात होतं.

२ मे
मॅडमनी दिलेले थेंब सापडत नाहीत. दिवसातून चार वेळा म्हणाल्या होत्या. माझे आतापर्यंत एकूण चार झाले असतील.

५ मे
पुरावा हवा. पनवेलच्या एका लॅबमध्ये जाऊन पापणीच्या आतल्या पाण्याची तपासणी करून घेतली. मॅडमनी सांगितलेली नव्हती. लॅबवालीने चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, डोळा माझा आहे. तिने काडी फिरवली, आणि सरळ विचारलं की काका, डोळ्यात काय काय टाकता? यादी सांगितली. तिने पेन खाली ठेवलं.

८ मे, दुपारी १
रिपोर्ट आला!!
कसलीही वाढ नाही. शून्य. एकसुद्धा बॅक्टेरिया नाही. चोवीस दिवसांत मैदान साफ!
रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. हरेशने अंगठा दाखवला. आईने कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि विचारलं, मंग डोले लाल कशाला हायत? तिला मेडिकलमधलं काय कळतं.
डोळे अजून दुखतात ही गोष्ट वेगळी. लढाई संपल्यावर धूळ बसायला वेळ लागतोच.

११ मे, रात्री ८
उद्या मेडिकल. पूर्ण तयारी. बुबुळाला शेवटचा हात म्हणून ॲंटिबायोटिकची बाटली संपवली. पापण्यांना हळद. लवकर झोपतोय. फक्त एक व्हिडिओ बघून.

१२ मे, सोमवार
डोळे लाल म्हणून आधी मशीनमध्ये फुंकायला लावलं. दारू नाही. डोळे पिवळे म्हणून कावीळ असेल असं धरून रक्त घेतलं. त्यात दोन तास गेले. कावीळ नाही. पोर्टाच्या डॉक्टरने पापणीवर ओला कापूस फिरवला, कापूस पिवळा झाला, त्याने तो नर्सला दाखवला, नर्सने दुसरीला बोलावलं.
मग तक्ता. वरच्या दोन ओळी तोंडपाठच आहेत. तिसऱ्या ओळीत मी जे वाचलं ते तिथे नव्हतं. चौथीत काही होतं हे मला डॉक्टरकडून कळलं. मी लॅबचा रिपोर्ट पुढे केला, की बघा, एकही जंतू नाही. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं.
तात्पुरता अनफिट. दोन महिने. तोवर यार्डात.
प्रांजल बाहेर रांगेत होती. पास. तिने नमस्कार केला. मी फोनवर असल्यासारखं केलं. फोन बॅगेत होता.

१३ मे
पद्मजा मॅडम. सगळं खरं खरं सांगितलं. अंड्यांमागची बाटली, साबण, हळद. त्यांनी यंत्रातून माझा डोळा बघितला, मग यंत्राच्या बाहेरून मला बघितलं.
त्या म्हणाल्या की डोळ्यावर थोडे बॅक्टेरिया असायचेच. ते तिथलेच असतात, जन्मापासूनचे. कोणाला त्रास देत नाहीत, उलट बाहेरच्यांना पाय ठेवू देत नाहीत. त्यांचं प्रमाण बिघडलं होतं, ते सावरायला हवं होतं. रिपोर्ट कोरा आला कारण काडी फिरवली तेव्हा डोळ्यात नुसतं ॲंटिबायोटिक होतं. त्यात काय उगवणार? आणि ही लाली बॅक्टेरियाची नाहीच. साबणाने आणि जुन्या थेंबांनी डोळ्याचा वरचा पापुद्रा सोलला गेलाय. मी विचारलं, मग हे केलं कोणी? मॅडम म्हणाल्या, तुम्हीच.
ते तिथलेच, मूळचे, हे ऐकून मी खुर्चीत ताठ झालो. म्हणजे भूमिपुत्र! गावठाणातले लोक! आणि मी, गव्हाणचा, काळूरामचा पोरगा, बापाची जमीन गेलेला माणूस, मी त्यांच्यावर बुलडोझर घातला. नोटीससुद्धा दिली नाही. च्यायला, लाज वाटली मला. खोटं नाही सांगत.
त्यांच्या पुनर्वसनासाठी काय करायचं, विचारलं. दही लावू का? मॅडम घाईने म्हणाल्या, काहीही लावायचं नाही. शेक, थेंब आणि हात लांब. त्यांना नुसतं राहू दिलं की ते आपापले परत येतील.
आमच्याबद्दल असं कोणीच म्हणालं नव्हतं.

१६ मे
संकल्प नाही. शेक दहा मिनिटं. फडकं गार झालं की कोमल दुसरं देते. अजून बोलत नाही, पण देते.

१९ मे, सोमवार
पहिली ड्यूटी, खाली. हरेशने हेल्मेट दिलं, टॅब कसा चालतो ते दाखवलं, सावलीकडची रांग दिली. टोमणा मारेल म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. त्याने एकही मारला नाही. भाऊजी, पाणी पीत राहा, एवढंच म्हणाला. त्याने मला जास्त लागलं.
वर माझ्या क्रेनमध्ये प्रांजल, ट्रेनिंग पूर्ण झालेली. अकराच्या सुमारास तिने एक लाल कंटेनर माझ्यासमोर उतरवला. आवाजसुद्धा झाला नाही. मी नंबर टिपायला गेलो. जवळ गेलो, लांब गेलो, डोळे मिटले, उघडले. शेवटचा आकडा तीन की आठ, काही केल्या कळेना. मागे ट्रेलरांची रांग लागली.
वॉकीटॉकीवर प्रांजल म्हणाली, दादा, आठ आहे.
मी आठ लिहिला.