दोन वजा

प्रिय पिटुकले,

फोनवर सांगायला गेले तर मी मधेच रडेन आणि तू मधेच भांडशील, म्हणून लिहायला बसले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते तू लहानपणापासून वाचत आली आहेस. तेव्हा कुरकुर न करता शेवटपर्यंत वाच.

परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. भाचीबाईंना नुसती शिंक आली तरी तू तिला उचलून दवाखाना गाठतेस, या महिन्यात पाचव्यांदा झालं, म्हणाला. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात, काळजी होती. तू म्हणे रात्री मधेच उठून बसतेस आणि म्हणतेस, मी वीस मिनिटं उशीर केला. आईला जाऊन दोन वर्षं झाली, पण तुझी ती वीस मिनिटं काही सरत नाहीत. आईने पाठ दुखते म्हटलं, तू ऑफिसचा फोन संपवलास आणि मग गाडी काढलीस. एवढाच तुझा गुन्हा. मी त्याला म्हटलं, होईल हळूहळू ठीक. फोन ठेवला आणि स्वतःचीच शिसारी आली.

तुला माझं टेबल आठवतं? इमर्जन्सीच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला, एका बाजूला खिडकी, समोर निळ्या खुर्च्यांची रांग. येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारायचं, दुखणं शून्य ते दहात किती? आठ किंवा वर असेल तर लगेच आत, छाती-पाठ दुखत असेल तर लगेच कार्डिओग्राम. आठच्या खाली असेल तर निळ्या खुर्चीवर. मी नवीन असताना आमच्या हेडबाईंनी मला एक गोष्ट शिकवली होती. जो ओरडतो त्याचे दोन वजा कर, जो दात आवळून बसतो त्याचे दोन वाढव. ओरडायला येतंय म्हणजे श्वास चालू आहे, म्हणायच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळ्याजणी हसत हसत शिकलो आणि पुढच्या पोरींना शिकवलं. काही वर्षांनी वजाबाकी करतोय हेही कळेनासं झालं, हातच आकडा लिहायला लागला.

चार महिन्यांपूर्वी एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. चणीने एवढ्याशा, पण चिवट. त्यांनी दारात एक यंत्र बसवलं. पेशंटने स्वतःचा आकडा स्वतः दाबायचा, आम्ही आमचा नेहमीसारखा लिहायचा. महिनाभराने दोन्ही शेजारी शेजारी मांडले. माझ्या पानावर बायकांचे आकडे सरसकट दोनने खाली होते. ज्यांची बोली मला नीट कळत नाही त्यांचेही तसेच. इस्त्रीचे कपडे घालून गप्प बसलेल्या पुरुषांचे मात्र वर. आमच्याच वॉर्डात फरशी पुसणारी मावशी, जिच्या डब्यातलं मी हक्काने खाते, तिने आठ दाबले होते आणि मी सहा लिहिले होते. मी भेदभाव करत नाही अशी मी कोणाचीही शपथ घेतली असती गं. भांडलेसुद्धा. म्हटलं, बायका वाढवून सांगतात, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे माझा. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, अनुभव आहे की सवय, ते एकदा तपासून बघा. आता आम्ही पेशंट सांगेल तोच आकडा लिहितो. आपलं मत वेगळं असेल तर पुढच्या रकान्यात, कारणासकट. कारण लिहायला पेन उचललं की नव्वद टक्के वेळा काही सुचतच नाही. थोबाडीत मारल्यासारखं होतं.

आणि आपली आई म्हणजे बाबांच्या भाषेत भोंगा. आठवतं ना, कपाटाच्या दारात बोट सापडलं तर शेजारची तीन घरं धावत आली होती? मुंगी चावली तरी मेले गं बाई. आपण दोघी तोंडात ओढणी कोंबून हसायचो आणि म्हणायचो, रोज मरे त्याला कोण रडे. ती म्हण आपण तिच्यासाठीच राखून ठेवली होती.

त्या दुपारी टेबलावर मीच होते, हे तुला माहीत आहे. नंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी हातात आल्या असत्या तर. तू ते वाक्य स्वतःकडे ओढून घेतलंस. मी तुझ्या शेजारीच उभी होते. तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होणारं चुकत नाही. दोन वर्षं मी तेवढंच म्हणत आले.

गेल्या आठवड्यात मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन आईचा कागद काढला. आकडा आठवत नव्हता असं लिहिणार होते, पण आता खोटं नको. आठवायला लागू नये म्हणून मी त्या खोलीकडे फिरकलेच नव्हते. तू गाडी लावायला गेलीस तेव्हा आई मला नऊ म्हणाली होती. कागदावर माझ्या कोंबडीच्या पायांनी सात लिहिलं आहे. तिला निळ्या खुर्चीवर मीच बसवलं. ती कण्हत होती तर मी म्हटलं, आई, जरा हळू, लोक बघतायत. आणि ती गप्प बसली, जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, बघा, उतरलं दुखणं. कार्डिओग्राम निघाला तो पन्नास मिनिटांनी. ती आल्याची आणि कार्डिओग्रामची, दोन्ही वेळा कागदावर आहेत, खाली सही माझी आहे. सोमवारी नवीन पोरींच्या वर्गात मी हा कागद वाचून दाखवणार आहे, पण त्यांच्या आधी तो तुझा आहे, म्हणून झेरॉक्स सोबत ठेवली आहे. भांड, बोलू नकोस, दार उघडू नकोस, सगळं कबूल. फक्त एवढं धरून ठेव, पिटुकले. तू तिला वेळेत आणलं होतंस. बसवून ठेवलं मी.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
ताई