जाड तारेचा फ्यूज

वस्ताद,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होतील. मंगळवार पेठेतल्या तुमच्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात मी खेड्यातल्या शाळेत शिकून आलो, तेव्हा मला वाटायचं, लहान ॲम्प्लिफायरनं मोठा स्पीकर कसा जळेल? तुम्ही एकदा तसं जोडून दाखवलंत. आवाज फाटला तरी बटण पुढंच फिरवत राहिलात, आणि बारीक आवाजाचा ट्वीटर कायमचा गप्प झाला. "ॲम्पला दम लागला की तो स्पीकरला मारतोय. ॲम्प दांडगा घ्यावा आन् निम्म्यावर वाजवावा." त्याच आठवड्यात मी एका ॲम्पमध्ये उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घातली. तुम्ही ती पकडीनं उपसली. "फ्यूज मरतोय म्हणून घर जगतंय. परत असं केलंस तर ही पायरी चढू नगंस."

गेल्या सोमवारी मी तशीच तार घातली. घर मूळच्या गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याचं. त्यांची आई, अव्वा, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला भजन ऐकू यावं म्हणून उशाशी लाकडी कपाटात ॲम्प ठेवलेला. त्यावर पूजेच्या पाहुण्यांसाठी आणखी दोन जुने स्पीकर जोडायचे होते.

"मालक, ॲम्प लहान हाय. चार स्पीकरांचा भार झेपायचा न्हाय. दांडगा घ्या."

"घेऊ की नंतर! आज पावणं बसल्यात. दोन वायरी जोडायला काय हुतंय?"

जोडले. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. "आता मंत्र म्हणून लावतासा व्हय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी सगळ्यांकडं पाठ केली, तांब्याच्या तारा पिळल्या आणि फ्यूजच्या जागी बसवल्या. घरभर भजन घुमलं. अव्वानं पडल्यापडल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करू दे, बाळा."

तेव्हापासून अंबाबाईच्या देवळापुढून जाताना मला वर बघवत नाही.

काल दुपारी त्या घरी गेलो. भजन चालूच. कपाटाची दारं घट्ट लावलेली, वरच्या फळीवर अव्वाची लुगडी. दाराला हात लावला तर लाकूड गरम, आणि व्हार्निशचा वास. मालक खुशीत. "या की! सकाळपासनं बंद न्हाय. अव्वा बंदच करू देत न्हाय." एका वाक्याचं काम होतं: तार मी घातलीय, काढू द्या. पण शेजारची चार माणसं बसली होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. चहा पिऊन परत आलो.

आज सकाळी फोन केला. मालक घरातल्या बाकी सगळ्यांना घेऊन गावाकडं निघालेत, संध्याकाळी येणार. "अव्वाला भजन लावून दिलंय. कामवाली येईल दुपारी. किल्ली शेजारी हाय." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.

आता साडेदहा वाजलेत. सायकलवरून ते घर दहा मिनिटांवर आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. खरं सांगतो वस्ताद, तिकडं जायला लागू नये म्हणून मी ते इतकं लांबवलं.