मेथीवर पडलेली फवारणी

दिंडोरी, मंगळवार, फेब्रुवारी २००३

मन थाऱ्यावर नाही. सकाळी धाकटे दीर, दत्ताभाऊजी, द्राक्षबागेत औषध फवारत होते. वारं फिरलं आणि सगळे तुषार माझ्या मेथीवर आले. उद्या नाशिकच्या बाजारात न्यायची होती. किती हिरवीगार दिसत होती! कुणाला काही कळलंही नसतं.

हे म्हणाले, "बाजारात सगळ्यांचीच फवारलेली असते. धुऊन घे अन् ने." पण माझी गिऱ्हाइकं लांबून येतात, ती बिनफवारणीची भाजी मिळते म्हणूनच. त्यांच्यापुढे गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच ना?

दुपारी सगळी उपटली. गुरांनाही घातली नाही, खड्ड्यात पुरली. उपटतानाही तेच मनात, किती हिरवीगार!

भाऊजी बांधावर येऊन उभे राहिले. "चुकलं माझं, वहिनी. पण एवढी चांगली भाजी पुरायची? खाऊन काय नाय होत."

"तुमच्या पोरांना घालाल?" मी विचारलं.

ते बागेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग आपली द्राक्षं लोक खातात, त्याचं काय?"

त्या बागेत निम्मा वाटा आमचाही आहे.