लामरवांग की हिंटरशार्ट

६ जानेवारी

हेकट! दुसरा शब्दच नाही या माणसाला.

तीन राजांचा सण, नाताळाचा शेवटचा दिवस, सगळे जेवायला, आणि सूप गार व्हायच्या आत भांडण. व्हॅलेंटिन एवढंच म्हणाला, "बाबा, फेब्रुवारीच्या सुट्टीत आम्हीही येतो तुमच्याबरोबर. पण या खेपेला हिंटरशार्टला जाऊ या." लेक आपण होऊन म्हणतोय! सुनेचीही ना नाही. रोझाली पाच वर्षांची झाली, तिला स्की शिकवायचंय, तिथं लहान मुलांची शाळा हॉटेलच्या दारातच आहे. आणि आमचे गेर्नोटराव? मान वर न करता, "आम्ही लामरवांगलाच जाणार."

आम्ही! मला कुणी विचारलं?

लिवीया बिचारी मुकाट्याने बशा गोळा करायला लागली. सुनेसमोर मी लाजेने अर्धी झाले.

८ जानेवारी

चोवीस वर्षं लामरवांग. दरवर्षी तोच आठवडा, सेन्झीच्या लॉजमधली तीच कोपऱ्यातली खोली, तिच्या हातच्या त्याच चीज घातलेल्या शेवया. लिफ्टसुद्धा मागच्या शतकातली — बुडाखाली दांडा घ्यायचा आणि उभ्याउभ्या ओढत वर जायचं. उन्हाची बाजू, म्हणून बर्फाची बोंब. आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हिंटरशार्ट — काचेच्या केबिनी, रुंद उतार, एप्रिलपर्यंत बर्फ. मध्ये एक धार फक्त! पण लामरवांगवाल्यांसमोर त्या गावाचं नाव काढायची सोय नाही. "तिकडे सूर्यसुद्धा रस्ता चुकला तरच जातो," म्हणतात. आमचा नवरा तर त्यांच्याहून लामरवांगी. "तो काय डोंगर आहे? मॉल आहे."

कारण विचारलं तर — बिल्ला! सलग पंचवीस वर्षं येणाऱ्या पाहुण्यांना गावाकडून सोन्याचा मुलामा दिलेला बिल्ला मिळतो. गावचा बँड, सरपंचाचं भाषण, वर श्नाप्सचा पेला. आधीचे पितळी आणि चांदीचा माझ्या शिवणाच्या डब्यात पडलेत, त्यांच्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि आता त्यासाठी नातीला दूर लोटतोय! लाज वाटत नाही!

१२ जानेवारी

अबोला. तो भांडी पुसतो, मी रेडिओ मोठा करते.

१५ जानेवारी

रोझालीचा फोन. "आजी, आजोबा मला शिकवणार ना?" मी फोन सरळ त्याच्या हातात दिला. म्हणतो, "पुढच्या वर्षी हं, पिल्ला."

व्हॅलेंटिनला चार वर्षांचा असताना दोन पायांमध्ये धरून उतरवायचा हा माणूस. मग या पोरीने याचं काय घोडं मारलंय?

"तुला मुलं सोबत नकोत का?" मी विचारलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

"लामरवांगला मला बरं वाटतं, इर्मी. सोड ना."

पालथ्या घड्यावर पाणी! वर्षातून एकदा सुट्टी मिळते आणि तीही याच्या मर्जीची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दार आपटून बाहेर पडले आणि टोपी न घालता चौकापर्यंत जाऊन आले. कान दुखताहेत.

२० जानेवारी

केलं! मी केलं!

सेन्झीकडे कागद नसतो, पावती नसते. निघायच्या दिवशी सामान गाडीत टाकताना पुढच्या वर्षाचं तोंडी सांगायचं, की खोली तुमची. सोडलीत, तर मागचा घेतो आणि तुम्ही रांगेच्या शेपटाला. त्या आठवड्यात अख्ख्या लामरवांगात रिकामी खोली सापडायची नाही, सगळ्या अशाच कुणाकुणाच्या. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मलाही माहीत होतं. फोन लावला आणि म्हटलं, "सेन्झी, आम्ही खोली सोडतोय."

पलीकडून ती, "गेर्नोटला विचारलंस का?"

"त्याला पन्नास वेळा विचारलंय."

"अगं, नीट विचार कर. एक जर्मन कुटुंब कधीचं टपून बसलंय."

"देऊन टाक!"

फोन ठेवला आणि जर्दाळूचा मुरंबा भरलेले दोन क्राप्फेन उभ्याउभ्या खाल्ले. मग हिंटरशार्टच्या हॉटेलात सगळ्यांच्या खोल्या सांगून टाकल्या. आनंदाने!

२१ जानेवारी

सांगितलं त्याला. वाटलं, आता छप्पर उडणार. तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "बरं."

बरं?! अरे भांड! ओरड! बशी फोड! इतकी वर्षं माझ्याशी त्या खोलीसाठी झगडलास आणि आता नुसतं "बरं"? असल्या माणसाशी भांडणाचंसुद्धा सुख नाही.

२ फेब्रुवारी

दरवर्षी तळघरात तो दोघांच्या स्कींना मेण लावतो. आज फक्त माझ्या केल्या. त्याच्या तशाच भिंतीला टेकवलेल्या. "मी तिकडे आराम करीन म्हणतो."

कळते मला ही तऱ्हा! हुतात्मा व्हायचंय साहेबांना. सगळ्यांनी विचारायचं, "अरेरे, आजोबा का नाही येत?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं.

१५ फेब्रुवारी

आलो हिंटरशार्टला. सगळा रस्ता गाडी मी चालवली, साहेब खिडकीकडे तोंड करून. पण बर्फ काय सुरेख पडलाय! रोझाली नुसती उड्या मारतेय.

१८ फेब्रुवारी

चार दिवस गच्चीत बसलाय. घोंगडी पायावर, पुढ्यात धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप. रोझाली आज एकटी छोट्या उतारावरून आली, ओरडत होती, "आजोबा, बघा! बघा ना!" आणि हा भलतीकडेच बघून टाळ्या वाजवतोय! पोरीचा चेहरा एवढासा झाला.

वर व्हॅलेंटिन मला म्हणतो, "आई, तू त्यांना न विचारता खोली सोडायला नको होतीस." ज्याच्यासाठी केलं, तोच असं म्हणतो! सगळे चांगले, वाईट तेवढी मी.

२० फेब्रुवारी

नाश्त्याला, सगळ्यांदेखत, फुटलेच मी. "एकदाच वर चल! नाहीतर सरळ सांग, मला शिक्षा करतोयस म्हणून!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. तो उठला आणि गपचूप भाड्याच्या स्की घेऊन आला.

वर लख्ख ऊन. म्हणाला, "तू पुढे हो. पण फार लांब जाऊ नकोस." आणि माझ्या पाठीला चिकटून! "एवढा रुंद उतार सोडून अंगावर काय येतोस?" मी वैतागून वेग घेतला. वळून खाली थांबले, वर पाहिलं — तो वळलाच नाही. सरळ गेला. सरळ जाऊन कडेच्या जाळीत! माणसाच्या उंचीची, केशरी, भडक जाळी!

लागलं नाही कुठे. पण त्याचा पाय सोडवताना मी जे तोंड सोडलं, ते सोडलं. "पलीकडे दरी आहे! लामरवांगचा राग जिवावर काढतोस?" तो चष्म्यावरचा बर्फ पुसत बसला. येणारेजाणारे थांबून बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

२१ फेब्रुवारी

गेर्नोटला समोरचं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. मागच्या हिवाळ्यापासून. काल रात्री कबूल केलं. डॉक्टरला माहीत, मला नाही! बिल्ल्याचं उगीच सांगत होता. लामरवांगचा डोंगर त्याच्या पायांना पाठ होता, म्हणून तिथं जायचं होतं. "तुला सांगितलं असतं तर तू मला उतरूच दिलं नसतंस." नसतंच दिलं!

सेन्झीला फोन केला, रडले. खोली गेली ती गेली.

दुपारी दोघंच वर गेलो. मी पुढे, तो मागे, आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडतेय — डावीकडे! आता उजवीकडे! उंचवटा! थांब! लोक म्हणाले असतील, काय कजाग बाई आहे.

खाली आल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "पुन्हा जाऊ. पण इर्मी, जरा आणखी मोठ्याने ओरड."